उजवीकडचं जरा झाका

१

आवाज एवढासाच होता. वाळक्या पाचोळ्यावर कुणी पाऊल टाकावं, तसा. एकच पाऊल. दुसरं पडलंच नाही.

फ्रेमवाला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. त्याला फ्रेमवाला असं कुणी म्हणतही नव्हतं अजून. तो मेस्त्रींच्या हाताखाली पट्ट्या कापायचा, सरस तापवायचा आणि मेस्त्री सांगतील ते ऐकायचा. दुकान दुसऱ्या मजल्यावर होतं. खाली फरसबंदी रस्ता, समोर कापडाचं गोदाम. झाड बघायचं तर दोन चौक ओलांडून जावं लागे. दुपारचे तीन वाजले असतील. खिडक्या लावलेल्या होत्या, कारण एका पट्टीला सोनेरी वर्ख लावायचा होता, आणि वर्खाला वारा सोसत नाही.

आवाज आतल्या खोलीतून आला. आत मेस्त्री एकटे होते. सकाळी एका वकीलसाहेबांनी तैलचित्र आणून दिलं होतं, ते जुन्या फ्रेममधून सोडवून त्यांनी टेबलावर ठेवलं होतं.

"मेस्त्री, काही सांडलं का?"

"तू तुझं काम कर."

थोड्या वेळाने मेस्त्री बाहेर आले. तांब्याभर पाणी उभ्या उभ्या प्याले. मग म्हणाले, "उजव्या पट्टीची खाच अर्धा इंच घे. बाकी तिन्ही बाजूंना नेहमीसारखी, दोन सूत."

फ्रेमच्या आतल्या अंगाला खाच असते, तिच्यात चित्राची कड बसते. तेवढं चित्र झाकलं जातं. झाकायचं ते चारी बाजूंना सारखं, हा धंद्यातला पहिला धडा. एका बाजूला जास्त झाकलं की चित्र लंगडतं.

"एकाच बाजूला?"

"वकीलसाहेब म्हणालेत, उजवीकडचं जरा झाका. आपण झाकायचं. उलटतपासणी घ्यायची सवय त्यांना आहे, आपल्याला नाही."

एवढं बोलून ते हसले नाहीत. एरवी स्वतःच्या विनोदाला आधी तेच हसायचे. आतल्या खोलीकडे वळता वळता ते थांबले. "आणि ऐकून ठेव. झाकायचं, मुडपायचं नाही. कितीदा आलं तरी मुडपायचं नाही."

कॅनव्हास कडेला मुडपला की रंगाला तडे जातात, हे त्याला ठाऊक होतं. ठाऊक असलेली गोष्ट मेस्त्री दोनदा का सांगतायत, एवढंच नवल त्याला वाटलं. ते 'कितीदा आलं तरी' त्याच्या कानावरून गेलं. ध्यानात आलं ते फार पुढे.

२

चित्रात माणूस नव्हता. दोन्ही अंगांना उंच झाडं, मधून मातीचा रस्ता, रस्ताभर गळलेली पानं. डावीकडे लांब एक तळं, त्यापलीकडे बसकी टेकडी. ऊन सकाळचं की संध्याकाळचं ते कळू नये असं. सही कुठेच नव्हती.

मेस्त्री गेले, दुकान त्याच्याकडे आलं, आणि नवव्या वर्षी ते चित्र परत आलं. या खेपेला ते एका शाळेच्या मुख्याध्यापक बाईंच्या बगलेत होतं.

मेस्त्रींची एक पद्धत होती. चित्राच्या मागे ज्या लाकडी चौकटीवर कॅनव्हास ताणलेला असतो, तिच्यावर ते पेन्सिलने मालक कोण ते लिहीत. फ्रेम बदलते, मालक बदलतो, मागचं लाकूड तेच राहतं. त्या लाकडावर मेस्त्रींच्या तिरक्या अक्षरात 'वकील' असं होतं.

"त्यांनी घर आवरलं," बाई म्हणाल्या. "बायको गेल्यापासून त्यांचं कशात लक्षच नव्हतं."

"वारल्या?"

"छे हो. गेली म्हणजे निघून गेली. भाजी चिरत होती. अर्धी चिरलेली, अर्धी तशीच. सुरी खाली ठेवली, उठली आणि नवऱ्यासमोरून दाराबाहेर गेली. पायात चपलासुद्धा नव्हत्या. भांडण नाही, तंटा नाही. वर्ष झालं." बाईंनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "उजवीकडचं जरा झाका."

बाई गेल्यावर त्याने चित्र सोडवलं.

फ्रेमवाल्याला चित्राचं वय कडेवर वाचता येतं. उघड्या भागावर धूर, धूळ बसते, रंग मंदावतो. खाचेत झाकलेला भाग तसाच ताजा राहतो. दोन्हींच्या मध्ये एक बारीक रेघ पडते. उजवीकडे अर्ध्या इंचावर तशी रेघ होती. रेघेच्या उजवीकडची पानं कालच गळल्यासारखी होती.

आणि त्या पानांवर सावली होती. बाहेरून, चित्राच्या कडेपलीकडून, रस्त्यावर आडवी पडलेली. खांदे ताज्या पट्टीत, आणि डोकं रेघ ओलांडून इंचभर आत.

तो स्टूल ओढून बसला. सावली असेल, तर ती चित्रकाराने काढलेली असेल. चित्रकाराने काढलेली असेल, तर पहिल्यापासून असेल. पण मग मेस्त्रींनी अर्धाच इंच का झाकलं? तेवढ्याने डोकं झाकलं जात नव्हतं. मेस्त्रींचं माप आयुष्यात एक सूत चुकलं नव्हतं. जुन्या वार्निशखाली दडलं असेल आणि कुणी पुसताना उघडं पडलं असेल, असं त्याने ठरवलं. कापसाचा बोळा तेलात बुडवून त्याने हलकेच फिरवून पाहिला. बोळा कोरा निघाला.

दीड इंच झाकलं, लाकडावर 'मुख्याध्यापक बाई' असं लिहिलं, आणि चित्र दिलं. मनाची समजूत पटली नव्हती. पण हाताला दुसरं काम होतं.

३

तिसऱ्यांदा ते घड्याळजीने आणलं. पुढच्याच रस्त्यावर त्याचं दुकान होतं. तोंडाने फटकळ, पण माणूस मोठा मायाळू.

"माझ्या दुकानात सत्तर घड्याळं आहेत," तो सांगायचा, "एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. आणि बायको म्हणते, तुम्ही वेळेवर घरी या."

फ्रेमवाल्याची मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. शाळा सुटली की दुकानात येऊन कोपऱ्यात बसायची. नाव काहीही असो, बाप तिला ठकी म्हणायचा. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी गप्प बसायची म्हणून. मोठेपणी गप्प बसणं बापाकडेच राहिलं.

"हे कुठून उचललंत?" फ्रेमवाल्याने विचारलं.

"त्या शाळेतल्या बाईंकडून. गाव सोडून चालल्यात. भावाबरोबर राहायच्या ना, तो भाऊ गेला."

फ्रेमवाल्याच्या हातातला काटकोन तपासायचा गुण्या टेबलावर टेकला. "कसा?"

"दाढी करत होता. एका गालाला साबण तसाच. वस्तरा ठेवला, उठला आणि चालू लागला. बाई ओरडतायत मागून, अरे तोंड तरी धू. यानं वळून पाहिलं नाही." घड्याळजी हसायला गेला, पण जमलं नाही. "अशी माणसं असतात. बरं, उजवीकडचं जरा झाका."

"का हो?"

हा प्रश्न त्याने पहिल्यांदाच गिऱ्हाइकाला विचारला. घड्याळजीने मान खाजवली. "तिकडे कुणी उभं असल्यासारखं वाटतं. आता पाहुणा दारात उभा असला, तर त्याला बसा म्हटल्याशिवाय मला घास उतरत नाही. आणि याला बसा म्हणू नये, असं वाटतं."

चित्र सोडवलं, तेव्हा उजवीकडे दोन रेघा होत्या. अर्ध्या इंचावर वकिलाची, दीड इंचावर बाईंची. सावली दोन्ही ओलांडून तीन इंच आत आली होती. आता कंबरही दिसत होती. झाडांच्या सावल्या जिथल्या तिथे होत्या. हिचीच तेवढी पुढे.

त्याने मापाच्या वहीत लिहिलं, सव्वातीन. मुडपलं असतं तर एका दिवसाचं काम होतं. पण मेस्त्रींचं बोलणं आठवलं, आणि त्याने रुंद पट्टी घेतली.

दोन-तीन वर्षांनी घड्याळजीचं दुकान दिवसाढवळ्या उघडं सापडलं. डोळ्याला लावायचं भिंग टेबलावर, उघडलेलं घड्याळ चालू, चहा गरम. तो परत आला नाही. फ्रेमवाला त्याच्या बायकोला भेटायला गेला, चित्राबद्दल विचारायचं म्हणून. पण तिचा चेहरा पाहून त्याच्या तोंडून शब्द फुटेना. तासभर बसला आणि उठून आला.

४

ठकीने आपल्या पसंतीने लग्न केलं. बापाने नको म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. लग्नाला जावं की नाही, हे त्याचं ठरेपर्यंत लग्न होऊन गेलं. ठकीने त्या गप्प बसण्याचा अर्थ लावायचा तोच लावला. मग तिची आई वारली. त्या दिवशी दोघं एका खोलीत होती आणि तरी बोलली नाहीत. सहा वर्षं तो एकच वाक्य मनात घोळवत होता. वाक्य काही मोठं नव्हतं. ठके, चुकलं माझं, एवढंच. पण त्याच्या तोंडातून शब्द निघायचा म्हणजे जड कपाट सरकवण्यासारखं काम.

तो एकाहत्तरीला आला, आणि एका सकाळी ठकी दुकानाच्या पायऱ्या चढून आली. बगलेत फडक्यात गुंडाळलेलं चित्र.

"बाबा, ओळखा."

फडकं सुटायच्या आधीच त्याने ओळखलं. आकारावरून.

"जुन्या सामानाच्या दुकानात सापडलं," ती म्हणाली. बसली, पाय लांब केले, जणू कालच इथून गेली होती. "लहानपणी हे इथे दुकानात होतं, तेव्हा मी याच्यासमोर बसून अभ्यास करायचे. त्या रस्त्यावरून कुणीतरी येईल असं वाटायचं. आम्ही नवं घर घेतलंय. बसायच्या खोलीत लावणार."

"हे... नको."

"का?"

त्याने तोंड उघडलं. वकिलीणबाई, अर्धी चिरलेली भाजी, साबण लावलेला गाल, गरम चहा. कुठून सुरू करायचं ते शोधत राहिला.

"बाबांचं वाक्य पूर्ण होईपर्यंत माझे केस पिकतील," ठकी म्हणाली. पण हसून म्हणाली. "नको असेल तर राहू दे. मी दुसऱ्याकडे नेते. मला वाटलं, या निमित्ताने..."

कळायचं ते त्याला कळलं.

"ठेव," तो म्हणाला.

"आणि बारीक पट्टीची फ्रेम हवी. सगळं चित्र दिसायला हवं. उजवीकडचं किती खाऊन टाकलंयत तुम्ही, बघा तरी."

ती गेल्यावर त्याने दिवा लावला. सावली पाच इंच आत आली होती. आणि अगदी कडेला, मेस्त्रींनी पहिल्यांदा झाकलं होतं त्या अर्ध्या इंचात, सावलीचे पाय आले होते. म्हणजे ज्याची ती होती, तो कडेला टेकून उभा असणार. केसभर पलीकडे.

झाकलं, तर ठकीला रुंद पट्टी दिसणार, ती दुसऱ्या फ्रेमवाल्याकडे जाणार, आणि तो सगळं उघडं करून देणार. नाही म्हटलं, तर ठकीच जाणार.

दोन दिवस तो चित्राभोवती फिरला. तिसऱ्या दिवशी त्याने मागची चौकट सोडवली, आडव्या पट्ट्या करवतीने पाच इंच आखूड केल्या, आणि उजवीकडचा कॅनव्हास सावलीसकट मागे मुडपून बारीक खिळ्यांच्या चुका मारल्या. तडे जातात म्हणून मेस्त्री नको म्हणायचे, तो स्वतःला सांगत होता. जाऊ देत तडे. तडे मागे पडतील, भिंतीकडे. कोण बघतंय?

पुढून चित्र सुरेख दिसत होतं. स्वच्छ रस्ता, पानं, तळं. बारीक काळी पट्टी. लाकडावर त्याने 'ठकी' असं लिहिलं, आणि बऱ्याच वर्षांनी शीळ घालत घरी गेला.

५

ठकी दर दोन दिवसांनी फोन करू लागली. तो 'हं' म्हणायचा, ती बोलायची. त्याला त्यापेक्षा जास्त काही नको होतं.

"बाबा, चित्रामागे पाल शिरलीय वाटतं. दुपारी खरखर होते."

"कसली?"

"पाचोळा वाजतो ना, तशी. ह्यांनी उतरवून पाहिलं. काही नाही."

फोन ठेवल्यावर तो खुर्चीच्या कडेवर बसून राहिला. जुन्या लाकडाला कीड लागते, कीड खाते तेव्हा बारीक आवाज येतो. हे खरं होतं. त्याने शेकडो चौकटींमध्ये तो आवाज ऐकला होता. पण कीड कुरतडते. पाऊल टाकत नाही.

पुढच्या आठवड्यात ठकी म्हणाली, "भिंतीला ओल आलीय. चित्राच्या उजव्या अंगाला. रंगाऱ्याला बोलावलं होतं, तो हात लावून म्हणतो, भिंत तर कोरडी ठणठणीत आहे. दोनदा रंग मारला. परत दिसते."

"किती मोठी?"

"आधी वीतभर होती. आता उभी लांब झालीय. बाबा, ओल कधी अशी तिरकी उतरते का हो? आणि दुपारी जास्त दिसते, सकाळी नसतेच." ती सहज म्हणाली, "तुमच्या जावयाला आवडत नाही ते. मला काही वाटत नाही. उलट सोबत वाटते."

"ठके, मी येतो."

"आज? बाबा तुम्ही? सूर्य कुठे उगवलाय बघते."

त्याने पक्कड, चाकू आणि पातळ छिन्नी पिशवीत टाकली. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, चष्मा दुकानातच राहिला. परत फिरायचं धैर्य झालं नाही.

६

ठकीचं घर पहिल्या मजल्यावर होतं. बसायच्या खोलीत एक खिडकी, एक लांब बाक, दोन खुर्च्या. जमीन गुळगुळीत फरशीची, नुकतीच पुसलेली. ठकी खिडकीपाशी नवऱ्याच्या शर्टाला बटण लावत बसली होती. जावई कामावर गेला होता. दुपारचे तीन वाजत आले होते.

"बसा. चहा ठेवते एवढं टाचून झालं की."

तो बसला नाही. भिंतीकडे पाहत राहिला. चष्म्यावाचूनही दिसत होतं. चित्राच्या उजव्या कडेपासून काळपट डाग निघाला होता, भिंतीवरून तिरका खाली आला होता, आणि जमिनीला टेकल्यावर थांबला नव्हता. फरशीवरून तो ठकीच्या खुर्चीच्या पायापर्यंत गेला होता. खिडकीतून ऊन येत होतं. पण ऊन आणि डाग यांच्या मधोमध सावली पडण्यासारखं काही उभं नव्हतं.

"हे तू पाहिलंस?" त्याने विचारलं.

"काय? ओल? सांगितलं ना फोनवर." तिने दोरा दाताने तोडला, दुसरा ओवला. "आईचा चष्मा लागला मला. ओवता येत नाही पटकन."

त्याने चित्र उतरवलं आणि बाकावर पालथं ठेवलं. कामाचे हात ते, त्यांना सांगावं लागत नाही. फ्रेम सुटली. छिन्नीने एकेक चूक उपटली. मुडपलेली कड ताठ झाली होती. रंगाचा एक पापुद्रा त्याच्या बोटावर उडाला. त्याने दोन्ही हातांनी ती कड धरली, पुढे वळवली, आणि चित्र सुलटं करून उजेडाकडे धरलं.

पाच इंचांची पट्टी. ताजा रस्ता. ताजी पानं.

सावली नव्हती.

डोकं नाही, खांदे नाहीत, कंबर नाही. तो अगदी जवळ गेला, नाक रंगाला टेकेपर्यंत. कडेला, जिथे पाय होते, तिथे पानं नव्हती. दोन पावलांपुरती जागा मोकळी होती, माती दाबून चापट झालेली. फार दिवस कुणी एका जागी उभं राहावं आणि मग तिथून हलावं, तशी.

मेस्त्री काय म्हणाले होते, ते आता त्याला कळलं. झाकलेलं आत राहतं, पट्टी ओलांडायला त्याला वर्षं लागतात. मुडपलेली कड चित्रात राहत नाही. ती खोलीच्या बाजूला येते. त्याने आपल्या हाताने ती आणली होती, आणि वर शीळ घातली होती.

सांगायला हवं होतं. उठ, चल, आत्ताच्या आत्ता माझ्याबरोबर बाहेर चल, एवढं. पण आधी ते दुसरं वाक्य होतं, सहा वर्षांचं, ते वाटेतच उभं होतं, आणि ते सरकल्याशिवाय मागचं काही बाहेर पडेना.

"ठके," तो म्हणाला. "ऐक. माझं..."

खोलीत पाचोळा वाजला.

पुसलेल्या फरशीवर, त्याच्या आणि तिच्या मधे. एक पाऊल. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं, तेच. आणि मग, जे तेव्हा पडलं नव्हतं ते, दुसरं.

ठकीने शर्ट मांडीवरून उचलून बाजूच्या खुर्चीवर ठेवला. नीट, घडी न मोडता. सुई बटणात तशीच अडकलेली, दोरा खाली लोंबत. ती उठली.

"चुकलं," तो म्हणाला. "माझं. ठके."

ती त्याच्या जवळून गेली. इतक्या जवळून, की तिच्या पदराचा वारा त्याच्या हाताला लागला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. दारापाशी तिच्या चपला होत्या, त्याही तिने पाहिल्या नाहीत. जिन्यावर तिची अनवाणी पावलं वाजायला हवी होती. वाजत होता तो पाचोळा, दोघांच्या चालीचा, पायरी पायरीने खाली.